रावबहादुरांची नोकरी

महादेव विश्वनाथ धुरंधर हे नाव शिरूर अनंतपाळात कुणाच्या तोंडी असायचं तसं काही कारण नाही. १८६७ साली कोल्हापुरात जन्म, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण, तिथंच नोकरी, १९४४ साली मृत्यू. त्यांच्या नोकरीचा मुलूखही आमच्या शिवेपर्यंत पोचत नव्हता. ते इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, आम्ही निजामाच्या बीदर जिल्ह्यात. तरी यंदा महालक्ष्म्या उठल्या त्या दिवशी आमच्या ओसरीवर या माणसावरून जे पेटलं, ते रात्री लाईट गेली तरी विझेना.

एका बाजूला माझे मेव्हणे. उभी हयात हायस्कुलात चित्रकला शिकवली आणि निवृत्त झाले. गावात त्यांना अजून ‘ड्रॉइंगचे सर’च म्हणतात आणि महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांचे डोळे दरवर्षी अर्ध्या गल्लीला त्यांच्याच हातचे लागतात. दुसऱ्या बाजूला माझी लेक, पुण्यात लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचं मोठं प्रदर्शन झालं होतं, त्या निमित्ताने निघालेलं जाडजूड पुस्तक तिने मामासाठी म्हणून आणलं. मामांनी ते मांडीवर घेतलं, चार पानं उलटली आणि म्हणाले, “हा माणूस म्हणजे आमच्या धंद्याचा मूळपुरुष.”

भाची : तेच तर वाईट झालं, मामा.

मामा : काय वाईट झालं?

भाची : एवढा हात असलेला माणूस सरकारी नोकरीत घातला. १८९० ला जे. जे. मध्ये शिकायला गेला, १८९६ ला तिथंच मास्तर झाला, मग हेडमास्तर, मग ड्रॉइंगचा इन्स्पेक्टर. १९३१ ला निवृत्त. आत्मचरित्राचं नाव काय, तर ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’! चित्रकार आपल्या आयुष्याला चित्रांची नावं देतो. यांनी सर्व्हिस बुकाची गोळाबेरीज दिली.

मामा : मग काय नाव द्यायचं होतं? त्या एकेचाळीस वर्षांत पोटाची चिंता नव्हती, म्हणून तर हे पुस्तक एवढं जाड झालंय. तू मला सांग, तुझ्या प्रकाशकाकडनं मागच्या पुस्तकाचे पैसे आले का?

(आले नव्हते. ते मला ठाऊक होतं, मामांनाही ठाऊक होतं. मारायची नाही अशी जागा बघूनच मारली होती.)

भाची : माझ्या पैशांचा इथं काय संबंध? मी म्हणते, नोकरीने माणूस वाकतो. यांची पुस्तकं बघा कुणासाठी आहेत. ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’, १९१२. लेखक एस. एम. एडवर्ड्स, मुंबईचा पोलिस कमिशनर. ‘डेक्कन नर्सरी टेल्स’, १९१४. लेखक किंकेड, आयसीएस. ‘विमेन ऑफ इंडिया’, १९२०. लेखक ऑटो रॉथफील्ड, तोही आयसीएस. साहेब लिहिणार, धुरंधर काढणार. वर ‘रावबहादूर’ किताब. आणि एवढं करून मुख्य खुर्ची कधी मिळाली? १९३० साली, तीही हंगामी. साहेबाच्या शाळेत देशी माणसाने कितीही वर्षं घासली तरी वरची पायरी साहेबाचीच.

मामा : ते खरंय. त्यात मी वाद घालत नाही. पण त्या किंकेडसाहेबाच्या पुस्तकात आहे काय, ते पाहिलंस का? आपल्याच कहाण्या आहेत. आदितवारची, सोमवारची, शुक्रवारची. तुझी आजी श्रावणात पाटावर बसून सांगायची त्याच. साहेबाला त्या इंग्रजीत लिहायला लागल्या. चित्रं काढणाऱ्याला मात्र कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नसंल. साहेब आला, गेला. चित्रातलं घर आपलं राहिलं.

भाची : आणि ‘विमेन ऑफ इंडिया’? प्रांताप्रांतांतल्या, जातीजातींच्या बायका ओळीने उभ्या केल्यात. ही अमक्या जातीची, ही तमक्या मुलखाची. साहेबाला राज्य करायचं होतं, त्यासाठी माणसांचे नमुने लागत होते. त्यांनी ते रंगवून दिले.

इथं मामा काही बोलले नाहीत. पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. रस्त्यावरच्या गर्दीचं एक चित्र होतं. चष्मा कपाळावर सारून ते बोटाच्या नखाने एकेक माणूस दाखवायला लागले, आणि मीही जवळ सरकलो. कारण खरं सांगायचं तर तोवर मला दोघांचं म्हणणं सारखंच पटत होतं.

मामा : इकडे बघ. ही पगडी आणि ही पगडी. एक बसलीय, एक नुसती ठेवलीय. ज्याची बसलीय तो रोजचा घालणारा. आता या बाईचा कासोटा बघ. नऊवारीची घडी कमरेवरनं मागं कुठं जाते, ते रेषेत सुटलेलं नाही. आणि चालताना मागच्या पायावर लुगडं ताणतं, पुढच्या पायावर सैल पडतं. हे तुला मॉडेल समोर बसवून दिसणार नाही, मॉडेल चालत नसतं. हे रस्त्यावर बघून डोक्यात ठेवायचं आणि घरी येऊन कागदावर उतरवायचं. नमुना म्हणायलीस ना? नमुन्याला वजन नसतं. हिच्या डोक्यावरची पाटी बघ, मानेत दिसायलीय.

भाची : हात चांगला नाही असं मी कुठं म्हटलं? हात एवढा चांगला आहे म्हणूनच राग येतो.

मामा : हात कुठनं आला? शिकवून आला. दररोज वीस-पंचवीस पोरांच्या चुका दुरुस्त करायच्या म्हणजे आपल्या हाताला चूक करायची सोय उरत नाही. तू सांग, तुला तांब्या काढायला कुणी शिकवला?

तांब्याची ही गोष्ट आमच्या घरात जुनीच आहे. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणारं प्रत्येक पोरगं वस्तुचित्रात तांब्याचं तोंड लंबगोल काढतं आणि बूड मात्र पट्टी मारल्यासारखं सरळ. कारण त्याला माहीत असतं की तांब्या फरशीवर सपाट बसतो. मामा त्याला उठवायचे, जमिनीवर ठेवलेल्या तांब्यापाशी न्यायचे आणि विचारायचे, “तोंडाचा गोल जास्त उघडा दिसतो का बुडाचा?” पोरगं हटकून तोंडाचा म्हणायचं. मग मामा तांब्याखाली पाटीवर खडूने बुडाभोवती गोल ओढायचे, तांब्या उचलायचे आणि पोराला पुन्हा मागं आपल्या जागेवर पाठवायचे. डोळ्याच्या पातळीपासून वस्तू जितकी खाली, तितका तिचा लंबगोल फुगत जातो. बूड तोंडापेक्षा खाली, म्हणजे बुडाचा गोल जास्त उघडा. जे माहीत आहे ते काढायचं नाही, दिसतंय ते काढायचं, एवढं एक पटवायला त्यांना पाऊण वर्ष लागायचं. माझी लेक त्या पोरांतलीच एक.

भाची : तुम्हीच शिकवला. पण मामा, ही पद्धत कुणाची? लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची. रेघा, भूमिती, नकलेवरनं नक्कल. १८५७ साली जे. जे. सुरू झालं, जमशेटजी जीजीभाईंनी १ लाख रुपये दिले होते. त्यात साहेबाला चित्रकार घडवायचेच नव्हते. हुशार सुतार, लोहार, नक्षीकाम करणारे हवे होते.

मामा : बरोबर. कारागीर हवे होते, आणि निघाले चित्रकार. मग फसलं कोण?

भाची : (हसून) हे मात्र छान बोललात.

मामा : छान नाही, खरं. पेरलं एक, उगवलं दुसरं. धुरंधर जे. जे. तल्या ग्रिफिथ्ससाहेबाला गुरू मानत होते, शेवटपर्यंत. तुला त्यात गुलामी दिसती. मला दिसतं ते असं की चांगला मास्तर मिळाला तर तो कुठला आहे हे विद्यार्थी बघत नाही.

भाची : बघायला पाहिजे! हाच ग्रिफिथ्स १८७२ पासून जे. जे. च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत होता. वर्षानुवर्षं लेण्यांतल्या चित्रांच्या नकला काढून घेतल्या. अजिंठा कुणाचा? निजामाच्या राज्यातला, म्हणजे आपल्या मराठवाड्यातला. नकला गेल्या लंडनला आणि १८८५ च्या आगीत त्यातल्या कितीतरी जळाल्या. मराठवाड्याने जे. जे. ला अजिंठा दिला. जे. जे. ने मराठवाड्याला काय दिलं? धुरंधर इन्स्पेक्टर होते तेव्हा त्यांच्या वहीत पुण्याच्या, नाशकाच्या शाळा. आपल्या निलंग्याचं नाव असायचं कारणच नाही.

मला वाटतं दुपारभरातलं तिचं सगळ्यात वजनदार वाक्य हे होतं. मामांनीही ते लगेच परतवलं नाही. चहा आला, तो निम्मा झाला, मग बोलले.

मामा : १९४८ पर्यंत आपण निजामात. १९५६ ला मुंबई राज्यात आलो, त्यानंतर इकडच्या शाळांत मुंबईची ग्रेड परीक्षा रुजली. म्हणजे धुरंधर गेल्यानंतर बारा वर्षांनी. ते स्वतः आले नाहीत, त्यांची वही आली. मी ज्या परीक्षेला पोरं बसवली, ती त्यांच्या खात्याचीच नात-पणत. उशिरा दिलं, पण दिलं ना?

भाची : वही आली, हात आला नाही. हीच तर तक्रार आहे माझी. हात चित्रकाराचा होता, पोचली ती इन्स्पेक्टरची वही.

मामा : वहीशिवाय हात गावात पोचत नसतो, बाई. मुंबईचा चित्रकार इथं येऊन राहणार होता का? परीक्षा आहे म्हणून शाळेने ड्रॉइंगचा मास्तर ठेवला. मास्तर ठेवला म्हणून तू तांब्या काढलास.

मग लेकीने फोनवर दुसराच एक चित्रकार काढला. तैवानचा चेन चेंग-पो. मला नाव उच्चारायला दोनदा विचारावं लागलं. १८९५ साली जन्म, चियायी गावचा. त्याच वर्षी तैवान जपान्यांच्या ताब्यात गेलं. हाही मास्तरच: आधी गावच्या शाळेत शिकवलं, मग तोक्योला जाऊन चित्रकला शिकला, १९२६ साली जपानच्या सरकारी प्रदर्शनात त्याचं तैलचित्र निवडलं गेलं. तो मान मिळालेला पहिला तैवानी तैलचित्रकार. चित्र कसलं, तर स्वतःच्या गावाबाहेरचा रस्ता. पुढे शांघायला काही वर्षं कला शिकवली, परत गावी आला. जपानी गेले, चिनी राजवट आली. १९४७ च्या उठावात गावकऱ्यांच्या वतीने फौजेशी बोलणी करायला गेला आणि त्याच गावच्या रेल्वे स्टेशनासमोर त्याला गोळ्या घातल्या.

भाची : तोही परक्या राजाच्या शाळेत शिकलेला. तोही मास्तर. पण वेळ आली तेव्हा तो गावासाठी उभा राहिला. धुरंधर रावबहादूर झाले. नव्या दिल्लीत सचिवालय उभं राहिलं तेव्हा जे. जे. च्या मंडळींनी तिथल्या दालनांतली चित्रं केली, त्यात धुरंधरही. तेही विधी सदस्याच्या दालनासाठी! १९२९ च्या आसपासची गोष्ट. बाहेर काय चाललं होतं तेव्हा?

मामा : हे बघ, गोळी खाल्लेल्या माणसाला मी हात जोडतो. पण गोळी खाल्ली म्हणून त्याचा रस्ता चांगला काढलेला होता, असं म्हणशील का?

भाची : नाही.

मामा : मग रावबहादूर झाला म्हणून यांची पाटीवाली वाईट कशी?

भाची : वाईट नाही. पण मामा, तुम्ही दर वेळी हातावर येऊन थांबता. हात कुणाच्या कामाला लागला, ते विचारायचंच नाही का?

मामांनी चष्मा पुसला. माझं मत विचाराल तर या ठिकाणी दोघांचं मिटणारं नव्हतं. मिटवायलाही नको होतं. मेव्हण्यांनी पस्तीसेक वर्षं ज्या शाळेत घालवली तिथं त्यांना फलकावर सुविचार लिहायला, गॅदरिंगचा पडदा रंगवायला, पुढाऱ्याच्या स्वागताची रांगोळी काढायला आणि निवडणुकीच्या याद्या करायला बोलावलं जाई. हात कुणाच्या कामाला लागला हा प्रश्न त्यांना विचारणं म्हणजे जखमेवर बोट. त्यांनी विषय बदलला, पण बदलून मुद्द्यावरच आले.

मामा : हळदणकर माहीत आहेत ना? सावळाराम हळदणकर, सावंतवाडीचे. हातात दिवा धरलेली बाई.

भाची : म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधली. लोक तिला राजा रविवर्म्याची समजतात.

मामा : समजू दे. हे हळदणकर जे. जे. त धुरंधरांच्या हाताखाली शिकले. आणि बाहेर पडून काय केलं? १९०८ साली मुंबईत स्वतःचा क्लास काढला. पुन्हा मास्तरच! मास्तराच्या पोटी मास्तर. तू म्हणतेस हात आला नाही. हा बघ, असा येतो. एकातनं दुसऱ्यात, दुसऱ्यातनं तिसऱ्यात. कुठं तरी एखादा दिवा धरतो, बाकीचे तांब्याच काढत राहतात. तांब्या काढणारे नसले तर दिवेवाला यायचा कुठनं?

भाची : आणि अंबिका?

मामा : कोण अंबिका?

लेक एवढा वेळ याचीच वाट बघत असावी.

भाची : बघा. तुमच्या मूळपुरुषाची मुलगी, आणि तुम्हाला माहीत नाही. अंबिका धुरंधर, १९१२ चा जन्म. वडिलांनीच शिकवली, जे. जे. त घातली, तिथला डिप्लोमा घेतला. त्या काळी किती मुली तिथपर्यंत जात होत्या? वडिलांबरोबर संस्थानांत फिरली, चित्रं काढली, २००९ पर्यंत जगली. ‘माझी स्मरणचित्रे’ नावाचं आत्मकथन लिहिलं. बाप वारल्यावर त्याची चित्रं जपत बसली. तोच गुरू, तीच शाळा, तीच पद्धत. तुमचा हात एकातनं दुसऱ्यात जातो म्हणालात, तो तिच्यात आलाच होता की. मग ओळीत तिचं नाव का नाही?

मामा : (बऱ्याच वेळाने) पुस्तक मिळतं का?

भाची : देते पाठवून.

मामा : पण यात धुरंधरांचा काय दोष? त्यांनी तर शिकवली.

भाची : दोष म्हणत नाही मी. आत्ता तुमच्या बाजूनेच बोलले. मुलीला घरात बसवायचा काळ होता आणि हा माणूस तिला रंगपेटी घेऊन संस्थानांच्या वाड्यांत घेऊन गेला. सगळ्या रावबहादुरीपेक्षा मला हे मोठं वाटतं. फक्त याचा त्यांना किताब मिळाला नाही.

मामा हसले आणि त्या हसण्यावर संध्याकाळ निभावून जाईल असं मला वाटलं. पण शेजारचा मुलगा वही घेऊन आला. आठवीत आहे. पुढच्या आठवड्यात चित्रकलेची इंटरमिजिएट. शाळेत चित्रकलेचा कायमचा शिक्षक नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कला, आरोग्य आणि कार्यानुभव यांना अर्धवेळ निदेशक पुरे, असं २००९ सालीच लिहून ठेवलंय, तेही पट शंभराच्या वर असेल तर. २०१५ च्या शासननिर्णयाने आपल्याकडे ते ‘अतिथी निदेशक’ झाले, तासिकेच्या मानधनावर. अतिथी म्हणजे कधी येतो, कधी येत नाही. परीक्षेला पोरं मात्र बसतात, कारण इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी आली की दहावीत ७ मार्क वाढीव मिळतात, ‘ब’ ला ५, ‘क’ ला ३.

भाची : हे बघा, मामा, वहीचं काय झालं ते. मास्तर गेला, परीक्षा राहिली.

मामांना हे लागलं. त्यांनी मुलाची वही घेतली, उघडली. तांब्या होता. बूड सरळ.

मामा : तू आहेस ना चार दिवस? सकाळी यांना घेऊन बस. पाच-सहा पोरं आहेत. माझे डोळे आता संध्याकाळी साथ देत नाहीत.

भाची : मी तांब्या नाही मांडणार.

मामा : मग काय मांडशील?

भाची : काहीच नाही. बसस्थानकावर घेऊन जाईन. निलंग्याची गाडी लागली की माणसं कशी चढतात ते काढायला लावीन. पोती, पिशव्या, लेकरं काखेला. तुमच्या धुरंधरांनी जे केलं तेच.

मामा : माणसं हलत असतात. आठवीच्या पोरांना जमायचं नाही.

भाची : तांब्या कुठं हलतो? तो तरी कुठं जमलाय?

मामा : अगं, पेपरात स्थिरचित्र आहे, स्मरणचित्र आहे, संकल्पचित्र आहे, भूमिती-अक्षरलेखन आहे. बसस्थानकातली गर्दी कुठल्या पेपरात बसवशील?

भाची : स्मरणचित्रात.

मामा : एकाच पेपरात? बाकीच्या तीनचं काय? दाजी, तुम्ही तरी सांगा हिला.

दाजी म्हणजे मी. मी आपलं व्यवहाराचं विचारलं, की समजा या बसस्थानकाच्या नादात पोरांचे सात मार्क बुडाले, तर पालक भांडायला कुणाच्या घरी येतील?

“तुमच्या,” दोघंही एकदम म्हणाले.